पहिले एकवीस किलो

"आता तू चढ, तोझा," ग्लिशा म्हणाला, आणि अंगणात जमलेले सगळे आधीच हसायला लागले.

डुक्कर धुऊन, सोलून नुकतंच वजनकाट्यावरून उतरवलं होतं. एकशे शहाण्णव किलो भरलं होतं. दर नोव्हेंबरात डुक्कर मारलं की त्याच काट्यावर घरच्या आणि शेजारच्या पुरुषांनी एकेक करून चढायचं आणि पुढचं वर्षभर त्यावरून एकमेकांना छळायचं, हा त्या गल्लीचा जुना रिवाज होता. ग्लिशा स्वतः चढला तेव्हा एकसष्ट भरला. "हाडं धरून," कुणीतरी म्हणालं.

तोझानं टोपी काढली, जणू टोपीनंच फरक पडणार होता, आणि फळीवर पाय ठेवला. फळी करकरली. ग्लिशानं वजनाचा गोळा दांडीवरून उजवीकडे सरकवत नेला, आणखी सरकवला, मग मागे सरून आकडा वाचला. एकशे एकतीस.

"पासष्ट किलोंनी डुक्कर पुढे आहे," तो म्हणाला. "पण नाताळपर्यंत वेळ आहे तुला."

कढईपाशी चरबी वितळवत बसलेल्या देसांकानं, तोझाच्या बायकोनं, लांब लाकडी पळी वर केली. "माझ्या हातचं आहे ते सगळं. फुकटात नाही चढलेलं," ती म्हणाली. बायका हसल्या. तोझाही हसला आणि काट्यावरून उतरून खोपटाच्या मागे गेला.

सकाळपासून तिसऱ्यांदा. तो भिंतीला हात टेकून उभा राहिला. पुढे मका कापलेलं शेत होतं, त्यापलीकडे बांध आणि बांधापलीकडे तिसा नदी. पूर्वी नदीच्या मध्यावर तराफ्याच्या कडेला उभं राहून तो एका दमात मोकळा व्हायचा, वर शीळही घालायचा. आता नुसतं उभं राहायचं. थोडं यायचं, थांबायचं, परत वाट बघायची. ओटीपोट भरलेलंच राहायचं. बटणं लावून तो परत आला तेव्हा ग्लिशा आतडी धूत होता.

"एवढा वेळ मासे धरत होतास काय?" ग्लिशानं हळूच विचारलं.

"थंडी आहे."

"मलाही होती थंडी. गेल्या वर्षी जाऊन आलो डॉक्टरणीकडे. बोट घालून बघते, दोन मिनिटांत सुटका. मेलो नाही मी."

"तुझं तुला लखलाभ," तोझा म्हणाला, आणि सुरी उचलून मांसाकडे वळला.

ग्लिशा परत आतडी धुवायला वळला. तीस वर्षं दोघं एकाच तराफ्यावर होते, त्यामुळे कुठे थांबायचं हे त्याला कळत होतं. दोन्ही काठांना बांधलेल्या जाड पोलादी दोरावरून सरकणारा तो लोखंडी तराफा तोझा चालवायचा. ग्लिशा दोऱ्या टाकायचा, फळी खाली सोडायचा आणि तिकिटं फाडायचा. ट्रॅक्टर, पावाची गाडी, शाळेच्या बाई, मेंढ्या, लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्यांनी पलीकडे नेलं होतं. तोझा सदुसष्ट वर्षांचा झाला तरी कामावर होता, कारण त्याच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं. गाडी चढवताना ग्लिशा चालकाला सांगायचा, जरा डावीकडे घ्या, उजवीकडे आमचा तोझा उभा आहे. नवखे लोक खरंच डावीकडे घ्यायचे.

तोझा पहिल्यापासून असा नव्हता. देश फुटला त्या लढाईच्या वर्षी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याला राखीव सैनिक म्हणून बोलावणं आलं आणि तो डॅन्यूबपलीकडे गेला. तीन महिन्यांनी परत आला तेव्हा देसांकानं दार उघडून कोण हवंय म्हणून विचारलं होतं. बासष्ट किलोंचा, डोळे खोल गेलेला, न बोलणारा कुणीतरी दारात उभा होता. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिला जे येत होतं ते तिनं केलं. सकाळी चरबी लावलेला पाव, दुपारी घट्ट सार आणि मांस, संध्याकाळी खसखशीच्या शेवया. तिकडे काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. ती वाढत राहिली आणि तो खात राहिला. वर्षभरात तो बोलायला लागला, दोन वर्षांत हसायला लागला. पोट सुटलं तसं देसांकाला वाटायला लागलं की आता माणूस खरा घरी आला. पुढे ते पोट वाढतच गेलं, पण ते थांबवावं असं दोघांपैकी कुणालाच कधी वाटलं नाही.

जानेवारीत एका सकाळी धुकं इतकं होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. तोझाला आदल्या संध्याकाळपासून लघवी झाली नव्हती. थेंबसुद्धा नाही. ओटीपोट ढोलासारखं ताणलं होतं, तरी तो कामावर आला, कारण न येण्याचं कारण सांगावं लागलं असतं. तराफ्यावर पावाची गाडी होती आणि साखर कारखान्याला निघालेल्या बायका. नदीच्या मध्यावर त्यानं कठडा धरला आणि खाली वाकला. अंगाला घाम फुटला. ग्लिशानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, चाकाचा ताबा घेतला आणि तराफा परत अलीकडे आणला. बायका ओरडल्या, कारखान्याची वेळ चुकणार म्हणून. पावाच्या गाडीतूनच त्यानं तोझाला दवाखान्यात नेलं.

गावची डॉक्टर इलोना चाळिशीची होती, पलीकडच्या एका हंगेरियन गावातली. लहानपणी शाळेला जाताना ती तोझाच्याच तराफ्यावरून यायची आणि तेव्हापासून त्याला काका म्हणायची. म्हणून तर तोझाला तिच्याकडे जायचं नव्हतं. तिनं नळी घातली. दीड लिटर निघालं. तोझानं भिंतीकडे तोंड फिरवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते सुटकेचं की लाजेचं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

इलोनानं त्याची जुनी नोंद काढली. चार वर्षांपूर्वी आधीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं, प्रोस्टेटचा आकडा चांगला आला होता. खाली लिहिलं होतं, हाताने तपासणी करण्यास रुग्णाचा नकार. तिनं ते वाचून दाखवलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"आकडा चांगला होता ना," तोझा म्हणाला. "मग बोट कशाला?"

त्या दिवशी तिनं त्याला विचारलं नाही, सांगितलं. दोन मिनिटं लागली. हातमोजा काढताना ती नेहमीपेक्षा कमी बोलत होती. एवढ्या मोठ्या शरीरात नीट पोचता येत नाही, ती म्हणाली, पण जे लागलं ते तिला आवडलं नव्हतं.

तिनं शहराच्या इस्पितळात पाठवलं. तिथून तोझा दोन कागद घेऊन निघाला. एकावर लिहिलं होतं की ग्रंथी फार वाढली आहे, शस्त्रक्रिया लागेल. पण रक्तदाब, साखर आणि वजन पाहता भूल देणं धोक्याचं, म्हणून आधी वीस किलो उतरवून या. दुसऱ्यावर फेब्रुवारीतली एक तारीख होती. त्या दिवशी मागच्या बाजूनं सुई घालून ग्रंथीचे बारीक तुकडे काढायचे होते, तपासणीसाठी. बसमध्ये त्यानं दोन्ही कागद पुन्हा वाचले. पहिला त्यानं देसांकाला दिला. दुसरा कोटाच्या आतल्या खिशात राहिला.

फेब्रुवारीतली ती तारीख आली आणि गेली. इलोनानं फोन केला. तराफा सोडून कसं येऊ, तो म्हणाला. तिनं पुन्हा केला. मग ती स्वतःच काठावर आली, फळीवर उभी राहिली.

"आधी वजन, मग सगळं एकदम करून घेतो," तोझानं सांगितलं.

"वजन वाट बघेल, तोझाकाका. हे नाही बघणार."

त्यानं मान हलवली. ग्लिशा जवळच होता म्हणून ती आणखी बोलू शकली नाही. तोझा खोटं बोलत नव्हता. त्यानं मनाशी तसंच ठरवलं होतं. भूल दिलेली असेल, आपल्याला काही कळणार नाही, तेव्हा काय करायचं ते करा. शिवाय इलोनानं दिलेल्या गोळ्यांनी लघवीही जरा सुटायला लागली होती.

इकडे देसांकानं पहिला कागद स्वयंपाकघराच्या कपाटावर चिकटवला होता. ज्या दिवशी तो कागद घरी आला, त्या दिवशी ती बराच वेळ त्याच्यासमोर नुसती उभी होती. मग तिनं चरबीची तिन्ही मडकी एकेक करून ग्लिशाच्या घरी नेऊन दिली, सॉसेजं दिली, मिठातलं डुकराचं मांस दिलं. ग्लिशाची बायको रूझा म्हणाली, अगं थोडं तरी ठेव. देसांका म्हणाली की घरात असलं तर माझाच हात जाईल वाढायला.

पहिले दोन महिने तोझाला वाईट गेले. वाफवलेली कोबी, उकडलेलं कोंबडं, चरबीशिवायचा घेवडा. पलीकडच्या काठावर एक बाई गरम बुरेक, मांस भरलेली तेलकट पापुद्र्यांची पोळी, विकायची. तोझा तिकडे बघायला लागला की ग्लिशा घसा खाकरायचा. देसांकानं त्याला तसं सांगून ठेवलं होतं. "लेका, तू मित्र आहेस की पोलीस?" तोझा विचारायचा. पण काटा खाली यायला लागला. दर रविवारी सकाळी देसांका त्याला ग्लिशाच्या अंगणातल्या काट्यावर घेऊन जायची. मार्चच्या शेवटी एकशे वीस. ईस्टरला एकशे सोळा. मे सरता सरता एकशे दहा.

त्या महिन्यात एका रविवारी ती दोघं बांधावरून चालत बाभळींपर्यंत गेली. बाभळी फुलल्या होत्या, सगळीकडे मधमाशा. पूर्वी तोझा अर्ध्या वाटेत बसायचा. त्या दिवशी तो एका दमात गेला, परत आला, आणि दारातल्या पायरीवर बसून वाकून त्यानं स्वतःच्या बुटांची नाडी सोडली. कितीतरी वर्षांनी. देसांका उभी राहून बघत होती. संध्याकाळभर ती गुणगुणत होती. माणसाला मोठं करणं आपल्याला जमलं होतं. आता त्याला हलकं करणंही जमलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पाठ जूनमध्ये दुखायला लागली. आधी कमरेत, मग खाली, मग डाव्या मांडीच्या हाडात. तोझाला वाटलं दोर ओढल्यानं असेल. पण रविवारीही दुखत राहिली. तो आपल्या पायांनी इलोनाकडे गेला, आणि तो आपणहून आला हे पाहूनच ती खुर्चीतून उठली. तिनं स्वतः फोन करून शहरात जागा मिळवली. सुई घालायचं ते झालं. त्यानं इतकी वर्षं जे टाळलं होतं ते अर्ध्या तासात उरकलं आणि एवढंच होतं का, असं त्याला वाटून गेलं. मग हाडांचे फोटो निघाले.

कर्करोग होता, आणि तो हाडांत गेला होता. आता शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. इंजेक्शनं द्यायची, तो किती दिवस थांबतो ते बघायचं.

इलोनानं त्याला हे सगळं आपल्या खोलीत बसवून सांगितलं, घाई न करता. त्यानं विचारलं की मग चार वर्षांपूर्वीचा तो आकडा खोटा होता काय. ती म्हणाली की खोटा नव्हता. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तही जास्त असतं, त्यात तो आकडा पातळ होतो, दिसतो त्यापेक्षा लहान. जाड माणसात हा आजार पुष्कळदा उशिरा सापडतो आणि सापडतो तेव्हा जोरात असतो.

"आणि मी फेब्रुवारीत गेलो असतो तर?"

इलोनानं समोरची नोंद मिटली. "माहीत नाही, काका. खरंच माहीत नाही. तेव्हाही कदाचित पोचलेलाच असेल." मग ती म्हणाली, "देसांकाकाकूंना घेऊन या. त्यांच्यासमोर सगळं एकदा बोलू."

तोझानं बरं म्हटलं. घरी चालत येताना त्यानं वाक्यं जुळवली. सुरुवात कशी करायची, मध्ये काय सांगायचं. फाटक उघडलं तेव्हा स्वयंपाकघरातून बायकांचे आवाज येत होते. रूझा होती, आणखी दोघी होत्या. रूझा वहीत लिहून घेत होती आणि देसांका सांगत होती: सकाळी अमुक, दुपारी तमुक, पाव एवढाच, तळहाताएवढा. तोझा दारात दिसताच ती उठली.

"हा बघा आला. अरे फिर जरा. दाखव त्यांना."

तिनं त्याची विजार कमरेतून दोन बोटं आत घेतली होती, तरी ती सैल होती. तोझानं टोपी हातात घेतली आणि बायकांसमोर हळूच एक गिरकी घेतली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. देसांकाचा चेहरा असा दिसत होता की त्यानं जुळवलेली वाक्यं जागच्या जागी राहिली. मग उद्या, तो मनात म्हणाला.

त्या उद्याचे पाच महिने झाले.

इंजेक्शनं तो शहरात घ्यायचा, तराफ्याच्या कार्यालयात काम आहे म्हणून सांगून. एकट्या ग्लिशाला माहीत होतं, कारण त्या दिवशी तराफा त्यालाच चालवावा लागे. तोझानं त्याच्याकडून शब्द घेतला होता. ग्लिशानं दिला, आणि त्या दिवसापासून त्याच्या थट्टा बंद झाल्या. गाडीवाल्यांना डावीकडे घ्या म्हणायचंही त्यानं सोडलं.

इंजेक्शनांनी अंगात गरम लाटा यायला लागल्या. भर जेवणात तोझाचा चेहरा लाल व्हायचा, मानेवरून घाम ओघळायचा. देसांका ओला टॉवेल आणून त्याच्या मानेवर ठेवायची. "पन्नाशीत मला हेच व्हायचं," ती हसत म्हणाली. "तेव्हा तू म्हणायचास, खिडकी उघड आणि झोप." तोझा म्हणाला की चुकलंच तेव्हा. तो हे इतक्या गंभीरपणे म्हणाला की ती त्याच्याकडे बघतच राहिली.

सप्टेंबरमध्ये देसांका म्हणाली, आता पुरे, आता जरा पाव वाढवू. तिनं पाव वाढवला, मग सार दाट केलं, मग ग्लिशाकडून चरबीचं एक मडकं परत आणलं. तोझा सगळं खायचा. काटा मात्र खालीच जात राहिला. या इंजेक्शनांनी माणूस जाड होतो, इलोनानं त्याला सांगितलं होतं. तुम्ही उतरताय हे मला आवडत नाही. रविवारी काट्यावर जायचं देसांकानं हळूहळू सोडून दिलं. एकदा पाऊस होता, एकदा पाहुणे होते. मग कुणीच विषय काढला नाही. दुकानात बायकांनी विचारलं तर ती आता दुसरंच काही बोलायची. विजार तिनं तिसऱ्यांदा आत घेतली तेव्हा मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटले.

नोव्हेंबरात पुन्हा डुक्कर मारलं. या वर्षी ते ग्लिशाचं होतं. वजन झाल्यावर ग्लिशानं काटा उचलून भिंतीशी ढकलला आणि माणसांना कामं वाटायला लागला. तेवढ्यात कढईपाशी बसलेली देसांका उठली. तिनं फडक्याला हात पुसले, भिंतीपाशी गेली आणि काटा ओढून अंगणाच्या मध्ये आणला.

"तोझाचं राहिलं," ती म्हणाली.

"असू दे ना," ग्लिशा म्हणाला.

"चढ, तोझा."

तोझानं तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तो फळीवर चढला. फळीनं या वेळी आवाज केला नाही. ग्लिशा हलेना, म्हणून देसांकानंच गोळा धरला आणि डावीकडे सरकवला. दांडी उठेना. आणखी डावीकडे. आणखी. दांडी स्थिर झाली तेव्हा तिनं वाकून आकडा वाचला. अठ्ठ्याहत्तर. तिनं तो मोठ्यानं सांगितला नाही. अंगणात फक्त कढईतली चरबी तडतडत होती.

"लसूण सोलायचा राहिलाय," ती म्हणाली आणि आत गेली.

दुपारी लवकरच ती दोघं घरी परतली. देसांकानं चूल पेटवली आणि कोट न काढता बाकावर बसली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"जूनपासून."

"काय आहे?"

त्यानं सांगितलं. जूनमध्ये जुळवलेली वाक्यं आठवत नव्हती, म्हणून जसं आलं तसं सांगितलं. फेब्रुवारीतल्या कागदाचंही सांगितलं. तो अजून कोटाच्या खिशात होता, घड्यांवर फाटत आलेला. तो काढून त्यानं तिच्यासमोर ठेवला. तिनं तो वाचला आणि उलटा करून ठेवला.

"आणि मी गावभर सांगत फिरले," ती म्हणाली. "वहीत लिहून दिलं मी लोकांना."

"तू खूश होतीस."

"मी तुला उपाशी ठेवलं, तोझा. आतून तो खात होता आणि बाहेरून मी खाऊ दिलं नाही."

"नाही." तो तिच्याजवळ बाकावर बसला. बसताना मांडीत कळ आली, ती त्यानं गिळली. "डॉक्टरीण म्हणाली, वजन उतरवलं ते चांगलंच केलं. ते आधीच उतरायला हवं होतं. पहिले एकवीस किलो तुझे आहेत, देसांका. ते तू उतरवलेस. बांधावर गेलो होतो ना आपण, तेव्हा मला खरंच हलकं वाटत होतं. ते खरं होतं. नंतरचे त्याचे."

तिनं चुलीत एक लाकूड सरकवलं. मग तिनं विचारलं की इतके महिने का नाही सांगितलं.

"लढाईहून आलो तेव्हा तू मला काही विचारलं नव्हतंस," तो म्हणाला. "मला वाटलं, तसंच चालेल."

"तेव्हा तू परत आला होतास," देसांका म्हणाली.

मग ती उठली, मडक्यातली चरबी तव्यावर घातली, बटाटे कापले, कांदा कापला, वर लाल मिरचीची पूड टाकली, आणि ताट त्याच्यासमोर ठेवलं. तोझाला वासानंच नको झालं होतं. त्यानं चमचा उचलला आणि दोन घास खाल्ले, मग तिच्याकडे बघून तिसरा. ती समोर बसून बघत होती. तिसऱ्या घासानंतर तिनं स्वतःच ताट उचललं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाव घेताना एका बाईनं नेहमीप्रमाणे विचारलं की आता किती किलो झाला तुझा तोझा. "तो आजारी आहे," देसांका म्हणाली. रूझा मागेच उभी होती. घरी गेल्यावर तिनं वहीतलं ते पान फाडलं आणि चुलीत घातलं.

हिवाळाभर देसांका त्याच्याबरोबर शहरात गेली. सलाईनमधून औषध द्यायचे तेव्हा ती शेजारी बसून मोजे विणायची. चार वेळा दिलं; मग डॉक्टर म्हणाले की आता यातून त्रासच जास्त होईल. परदेशात, लिंझला, वृद्धाश्रमात काम करणारी त्यांची मुलगी नाताळला आली आणि जाताना चाकांची खुर्ची ठेवून गेली. तराफ्यावर तोझाच्या जागी पलीकडच्या गावातला एक माणूस आला. तोझानं तीन दिवस कठड्याशी स्टुलावर बसून त्याला शिकवलं, वारा कुठून आला की दोर कसा धरायचा, पाणी चढलं की कुठे थांबायचं. चौथ्या दिवशी तोझा गेला नाही.

इलोना दर गुरुवारी घरी यायची. एकदा नाडी बघता बघता ती म्हणाली की त्या नोव्हेंबरापासून गावातले नऊ पुरुष आपणहून दवाखान्यात आले. टोपी हातात घेऊन आत येतात, का आलो ते सांगत नाहीत, नुसतं म्हणतात की बघून घ्या. दोघांचं वेळेवर सापडलं. तोझानं विचारलं की कोण दोघं. ते मी सांगू शकत नाही, ती म्हणाली. तोझानं मान हलवली आणि डोळे मिटले. ती गेल्यावर त्यानं देसांकाला सांगितलं, नऊ जण. मग थोड्या वेळानं पुन्हा एकदा सांगितलं.

मार्चमध्ये पाय गेले. एप्रिलच्या मध्याला एक सकाळ अशी उजाडली की थंडी संपली हे सगळ्यांना एकदम कळलं. शेजारच्या बायकांनी गाद्या खिडकीत टाकल्या. तोझा पलंगावरून उघड्या दाराकडे बघत होता. बाहेर अंगणात ऊन पडलं होतं.

"बाहेर बसायचंय?" देसांकानं विचारलं.

"खुर्ची दारातून जात नाही."

"मी बाक मांडते. उशी ठेवते."

"मग ग्लिशाला बोलव. तो आणि आणखी कुणीतरी."

"ग्लिशा तराफ्यावर आहे. दुपारपर्यंत ऊन जाईल तिथलं."

ती बाहेर गेली, भिंतीशी बाक ओढला, त्यावर घोंगडी आणि उशी ठेवली, परत आली. तिनं पलंगाशी वाकून एक हात त्याच्या गुडघ्यांखाली घातला आणि दुसरा पाठीमागे. अडुसष्ट वर्षांची होती ती, आणि गेली कितीतरी वर्षं तिचे स्वतःचे गुडघे दुखायचे.

"देसांका, पडशील."

"मानेला धर माझ्या."

त्यानं धरलं. तिनं त्याला उचललं. उंबरा ओलांडताना ती क्षणभर थांबली, पाय नीट ठेवला, मग तीन पायऱ्या उतरली. अंगणातून बाकापर्यंत वीसेक पावलं होती. ती सावकाश चालत गेली. उन्हात आल्यावर तोझानं डोळे मिटले. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर होतं, तिचं तोंड त्याच्या कानाशी. तिचा श्वास त्याला नीट ऐकू येत होता. आत पलंगापाशी होता तसाच तो चालला होता, संथ आणि एकसारखा, जराही न वाढता.